चिंचेखालची पाटी

हिप्परवाडीची पाटी फोनमधल्या नकाशावर दीड किलोमीटर मागं सरकली, तर बलभीमचा रोज संध्याकाळचा पाऊण तास वाचणार होता. फायदा एवढाच. पण हातात पडायच्या आधीच बलभीमनं तो मनातल्या मनात वापरून झिजवला होता. त्या पाऊण तासात शेतातून आल्यावर त्याच्या पायांना तेल लागणार होतं. बाजेवर आडवं होऊन टीव्हीवरची मालिका पहिल्यापासून बघता येणार होती. आता तो मधूनच येऊन बसे, कोण कुणाची सून हे बायकोला, म्हाळसाबाईला, विचारी आणि तिचीही मालिका बुडवी. शिवाय गाडी आपल्या रस्त्याच्या तोंडाशी थांबते, ही गोष्ट चारचौघांत सहज बोलल्यासारखी बोलता येणार होती. लोकांना मात्र तो एकच कारण सांगे, "पोरीच्या जातीला अंधारात लांब उतरावं लागतंय." कारण खरं होतं, म्हणूनच सांगायला सोयीचं होतं.

उमरग्याहून सोलापूरकडं जाणाऱ्या हायवेवर जिथं गावाच्या नावाचा फलक असतो आणि गाडी थांबते, त्या जागेला पाटी म्हणायचं, ही इकडची रीत. हिप्परवाडीची पाटी बलभीमच्या वस्तीच्या रस्त्याच्या तोंडाशीच होती. मग हायवे चौपदरी झाला. कंत्राटदाराच्या माणसांनी फलक उपटला, काही महिने नालीत उताणा पाडून ठेवला, आणि काम संपवून निघताना आठवण झाली तेव्हा उड्डाणपुलाच्या पलीकडं, रणधीरच्या ढाब्यासमोर रोवून टाकला. तेव्हापासून फलक होता तिथं पाटी नव्हती आणि पाटी होती तिथं फलक नव्हता. याचं कुणाला काही वाटलं नाही. ड्रायव्हर ओळखीचे होते. "पाटीला घ्या" म्हटलं की जुन्या जागी ब्रेक लागे.

घोळ झाला तो गाड्यांमध्ये बोलणाऱ्या डब्या बसल्यावर. ड्रायव्हरच्या डोक्यावर बसलेली ही डबी पुढचा थांबा कोणता ते सांगे, आणि तिला माहीत नसलेल्या जागी गाडी थांबली की दुसऱ्या दिवशी डेपोत ड्रायव्हरला जाब द्यावा लागे. डबी बसवणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं थांबे स्वतः मोजलेच नव्हते. सगळ्यांसाठी उघडा असलेला एक फुकटचा नकाशा तिनं उचलला आणि डबीत ओतला. त्या नकाशात हिप्परवाडीला चार थांबे होते. रणधीरच्या ढाब्यासमोर 'हिप्परवाडी मोड' होता. जुन्या जागी 'गोरोबा हॉटेल' होतं. 'हिप्परवाडी पाटी' कुणीतरी गावात मारुतीच्या देवळामागं ठोकली होती, जिथं बैलगाडीसुद्धा वळत नाही. चौथा ठिपका बिननावाचा, नागूबाईच्या तुरीत उभा होता. डेपोतल्या कुणीतरी चारातून फलक असलेला एक निवडला. त्याचीही चूक म्हणता येत नाही.

शिवप्रिया, बलभीमची धाकटी, उमरग्यात डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. चिठ्ठ्या फाडायच्या, पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायचे, ओरडणाऱ्यांना गप्प बसवायचं. सकाळी तिला काळीपिवळी जीप वस्तीच्या तोंडावरून मिळे. संध्याकाळी अंधार पडला की जीपवाले घर गाठत, उरे ती एक बस. बस आता जुन्या पाटीवरून सरळ पुढं जाई आणि तिला मोडावर उतरवी. तिथून मागं दीड किलोमीटर म्हणजे एका अंगाला ट्रक आणि दुसऱ्या अंगाला बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या. म्हाळसाबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बापाला आणायला जमत आसंल तर नोकरी कर. न्हायतर ऱ्हा घरी." नोकरी अशी बलभीमच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर टांगलेली होती.

बलभीम रोज जाई. कुरकुरत जाई, पण जाई. मोडावर गाडीच्या आधी पोचे आणि रणधीरच्या बाकड्यावर न बसता उभाच राही, कारण बसलं की चहा घ्यावा लागतो आणि चहा घेतला की रणधीरचा शहाणपणा ऐकावा लागतो.

परतीच्या वाटेवर शिवप्रिया मागं बसून बोले.

"आज एक आजी आलती, अण्णा, बेळंबची. मोतीबिंदू काढलेली. पट्टी सोडली तर मनती, ह्या भिताडाला आसला रंग कामून दिलाव, आधीचाच बरा व्हता."

"हं."

"सायब मनले, आजी, भिताड तेच हाय. तर मनती, मंग डोळे बदललाव व्हय माजे? ज्याचे हायती त्याला परत द्या."

"गाडीवर बोलू नगं, ध्यान ऱ्हात न्हाय," बलभीम म्हणे. वाऱ्यात त्याला निम्मं ऐकू येई. घरी पोचल्यावर ती तोंड धुऊन स्वयंपाकाला लागे आणि मग कुणीच काही बोलत नसे, कारण मालिका लागलेली असे.

नकाशाची किल्ली त्याला निकितानं दाखवली. निकिता ही शेजारच्या गोरोबाची सून. पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करी, आणि नकाशात रस्ते, विहिरी, शाळा भरायचा तिला नाद होता. बलभीमला ती, गावातल्या सुनांच्या रीतीप्रमाणं, मामा म्हणे.

"हा नकाशा कुणाच्या मालकीचा नाही, मामा. चूक दिसली की कुणीही दुरुस्त करायची."

"कुणीबी?"

"कुणीही."

बलभीमच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून निकिताला आपण जास्त बोललो असं वाटलं. ती घाईनं म्हणाली, "पण जागेवर जे आहे तेच भरायचं असतं, हां. मनातलं नाही."

"जागेवरचंच सांगतोय मी. आमच्या रस्त्याच्या तोंडाला गाडी पिढ्यानपिढ्या थांबत आली. इचार तुज्या सासऱ्याला."

ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या गोरोबानं मान वर केली. "हाटेल बंद करून बारा वर्षं झाली की रं बलभीम. नकाशात अजून भट्टी पेटलेलीच हाय मन की. ते आधी पूस, पोरी. कुणी चहा मागायला आलं तर काय सांगू?"

निकितानं देवळामागचा थांबा काढला, तुरीतला काढला, हॉटेल पुसलं आणि जुन्या जागी एकच ठिपका ठेवला: हिप्परवाडी पाटी. मोडावरच्या ठिपक्याला तिनं 'फक्त फलक, थांबा नाही' अशी टीप जोडली. डबीत नवा नकाशा दर सोमवारी उतरतो, असं कंडक्टरनं शिवप्रियाला सांगितलं होतं.

त्या सोमवारी बलभीम शेतातून आला, पाय धुतले आणि म्हाळसाबाईला तेलाची वाटी मागितली.

"आवं, पोरीला आणायला जायचं न्हाय का?"

"आता कशाला? गाडी तोंडाशी थांबणार हाय आजपून. नकाशात बशिवलंय म्या."

म्हाळसाबाईनं वाटी दिली. मालिका सुरू झाली. सून कुणाची हे बलभीमला पहिल्यांदाच न विचारता कळलं. हायवेवरून बसचा हॉर्न आला आणि गेला. मग जाहिराती आल्या, त्याही गेल्या. मालिका संपायला आली तेव्हा शिवप्रिया दारात दिसली. ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली, एका पायातली चप्पल हातात.

"मोडावर उतरवलं," ती म्हणाली. "मशीनमंदी मोडच हाय मनले."

"फोन करायचा की मंग."

"केलता. टीव्हीचा आवाज मोटा आसंल."

एवढंच. न्हाणीत जाऊन पाय धुतले. बलभीमच्या पायांना तेल चोपडलेलं होतं आणि उठावं तर फरशीवर ठसे उमटणार होते, म्हणून तो तसाच बसून राहिला.

नकाशातला ठिपका आदल्या दिवशीच कुणीतरी परत मोडावर नेला होता, हे निकितानं दुसऱ्या सकाळी सांगितलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. बलभीम सरळ ढाब्यावर गेला.

रणधीर भजी तळत होता. "या तात्या. मनलं अजून कसं आलं न्हाईत. थांबा तुमच्या दारात नेऊन बांधणार हाव मनं. म्हस हाय का ती?"

"तुज्या ढाब्यात तरी कुठं बांधलीया?"

"आमच्याकडं फलक हाय."

"फलक नालीत बी पडला व्हता. तवा गाडी नालीत थांबत व्हती व्हय?"

बाकड्यावरचे दोघं हसले. रणधीरही हसला, पण ठिपका सोडला नाही. निकितानं तो मागं नेला की रणधीरचा भाचा पुढं नेई. हे बघून गावातल्या बाकीच्यांना जाग आली. नकाशा कुणाच्याच मालकीचा नाही, तर आपणच मागं का राहायचं, असं ज्याच्या त्याच्या मनात आलं. पीठगिरणीपाशी एक थांबा झाला. दूध संकलन केंद्रापाशी झाला. एकानं तर नव्या बांधलेल्या घराच्या फाटकात थांबा ठोकला आणि त्याला वडिलांचं नाव दिलं. पंधरवड्यात हिप्परवाडीला सात थांबे झाले. बसमधली डबी उड्डाणपूल येईपर्यंत "पुढील थांबा हिप्परवाडी" हे एवढ्या वेळा म्हणू लागली, की झोपलेली माणसं दचकून उठत आणि पिशव्या सावरून परत झोपत. निकिता रात्रीचं जेवण झालं की बसून एकेक ठिपका काढी. सकाळी दोन नवे असत. मग तिनंही काढायचं सोडलं. "थकले मामा मी," ती म्हणाली. "चूक काढता येते. हौस कशी काढायची?"

बलभीम मात्र रोज मोटरसायकल काढतच होता. पण आता शिवप्रिया मागं बसून बोलत नव्हती. दोन-चारदा त्यानं आपण होऊन विचारलं, "काय मनत व्हती आज ती बेळंबची?" तर ती म्हणे, "काय न्हाय. रोजचंच."

शेवटी डबीच्या कंपनीनं माणूस पाठवायचं ठरवलं. जागेवर जाऊन बघायचं, प्रवासी जिथं उभे दिसतील तो थांबा, रस्त्याची बाजू कोणती तेही टिपायचं, आणि यादी कायमची बंद करायची. म्हणजे पुन्हा उघड्या नकाशाचं नाव नको. ही खबर कळली तेव्हा बलभीमला वाटलं, आता झालं. माणसं उभी करायची, एवढंच ना. ती त्याच्याकडं होती.

एप्रिलची दुपार होती. बलभीमनं वस्तीवरची, भावकीतली, रोजगारावरची अशी बारा-चौदा माणसं पिशव्यांसकट गोळा केली आणि रस्त्याच्या तोंडाशी, उमरग्याहून गाड्या येतात त्या अंगाला, ओळीनं उभी केली. गोरोबालाही हाताला धरून आणलं. "कुणी हलायचं न्हाय," त्यानं बजावलं. "म्याडम आल्या की मनायचं, आमी हितंच थांबताव."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. या जागी ऐन रस्त्याच्या तोंडाला सावली नव्हती. त्या अंगाची कडुलिंबं रस्ता रुंद करताना गेली होती. उरलेली एकच चिंच होती, तीही हायवेच्या पलीकडच्या अंगाला, उमरग्याकडं जाणाऱ्या बाजूला. तेव्हा हिप्परवाडीचा माणूस, त्याला कुठंही जायचं असो, थांबायचा चिंचेखाली. सोलापूरकडं जायचं असलं तर पिशवी अलीकडं, गाडी थांबते त्या जागी ठेवायची, नंबर धरल्यासारखी. आपण पलीकडं सावलीत जाऊन बसायचं. आणि गाडी दिसली की दुभाजक ओलांडून पळत यायचं. पिशवी कुणी उचलत नसे. पाहुण्यांना याचं नवल वाटे, गावाला यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नसे.

माणसं अर्धा तास ओळीत उभी राहिली. मग गोरोबानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि रस्ता ओलांडला. त्याच्यामागं दोन बाया गेल्या. मग एकेक करत सगळेच. बलभीमनं आधी दटावलं, मग आपणही डोक्यावरचा गमछा काढून घाम पुसला, तो गमछा दुसऱ्याच्या पिशवीवर ठेवला आणि गेला.

स्कूटीवर आलेली पोरगी पंचविशीची असेल. अर्पिता म्हणून होती. सकाळपासून थांबे मोजत आली होती, तोंड उन्हानं रापलेलं, पाण्याची बाटली रिकामी. ती अलीकडच्या अंगाला, अगदी बरोबर जागी उतरली. फोन काढला. समोर पिशव्यांची ओळ, माणूस एकही नाही. ती डोळ्यांवर हात धरून इकडंतिकडं बघू लागली.

बलभीमला ते बघवलं नाही. परक्याची लेक, उन्हात उभी. आपल्या लेकीच्या वयाची. चिंचेखालून तो हात वर करून ओरडला, "ओ ताई, तिथं उन्हात कामून उभा ऱ्हायलाव? हिकडं सावलीत या."

ती आली. दोन बायांनी सरकून जागा दिली, कुणीतरी तांब्या पुढं केला. ती घटाघटा पाणी प्यायली. मग फोन सावरून विचारलं, "हिप्परवाडीचे प्रवासी इथंच थांबतात ना?"

"हितंच," बलभीम म्हणाला.

"हितंच की," सगळे म्हणाले. "आमचं आक्कं आयुष्य हितंच गेलं," गोरोबानं भर घातली.

त्यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. अर्पितानं फोटो घेतला. फोटोत बलभीम सगळ्यात पुढं होता, डोकं उघडं, हसरा. तिनं बटण दाबलं, फोननं जिथं उभी होती तिथली जागा आपली आपण उचलली. मग ती मोडावर गेली. तिथं रणधीरनं ढाब्याच्या पत्र्याखाली, म्हणजे गाडी उमरग्याहून येते त्याच बाजूला, खुर्च्या टाकून माणसं बसवून ठेवली होती. तिथंही तिनं बटण दाबलं आणि पुढच्या गावाला निघून गेली.

यादी बंद झाल्यावर डबी बोलू लागली ती अशी: उमरग्याकडं जाताना थांबा चिंचेखाली, उमरग्याहून येताना थांबा मोडावर. सकाळची गाडी, जिचं शिवप्रियाला काही काम नव्हतं, बलभीमच्या समोर येऊन दार उघडून उभी राही. संध्याकाळची वाऱ्यासारखी निघून जाई.

बलभीम निकिताकडं गेला. तिनं नकाशा उघडून दाखवला. सगळे हौशी ठिपके तिनं काढले होते. आता कुणी परत ठोकत नव्हतं, कारण त्यात आता कुणाचाच फायदा उरला नव्हता. पाटी होती त्या जागी, योग्य बाजूला, योग्य नावानं एकच ठिपका होता.

"आता नकाशा अगदी बरोबर आहे, मामा."

"मंग गाडी?"

"गाडी आता हा नकाशा बघत नाही."

बलभीम ओसरीच्या पायरीवर बसला. गोरोबा सुपारी कातरत होता. "चूक तुजी न्हाय," तो म्हणाला. "पाहुण्याला उन्हात ठिवाव का मानसानं?" हे समाधान म्हणून बोललेलं होतं.

शिवप्रियानं त्याच आठवड्यात सांगितलं. दवाखान्यातल्या समृद्धीच्या खोलीत एक कॉट रिकामी होती. शनिवारी दुपारची बस उजेडात मोडावर येते, तिथून चालत येता येईल. सोमवारी सकाळी जीपनं परत. म्हाळसाबाई काही बोलायला गेली आणि थांबली, कारण नोकरीची अट तिनंच घातली होती आणि पोरीनं ती पाळली होती.

"म्या येतो की रोज आणायला," बलभीम म्हणाला. "मला काय जड झालंय?"

"तुमी दमताव, अण्णा." तिचं बोलणं शांत होतं. "तुमचं बी थांबणं नगं अन् माजं बी."

ती सोमवारच्या जीपनं गेली. पिशवी जड होती म्हणून बलभीम तोंडापर्यंत आला आणि सवयीनं पिशवी उन्हात ठेवून तिला म्हणाला, चल, सावलीत थांबू. ती नको म्हणाली, पिशवी उचलून पलीकडं जीपच्या जागी जाऊन उभी राहिली. जीप लगेच आली.

आता हिशेब जुळवायचा तर असा जुळतो. रणधीरला संध्याकाळचा थांबा मिळाला. पण घराकडं निघालेला माणूस ढाब्यावर चहाला थांबत नाही, आणि चहा पिणारे, म्हणजे उमरग्याच्या गाडीची वाट बघणारे, दीड किलोमीटरवर चिंचेखाली बसतात. गोरोबाचं हॉटेल नकाशातून गेलं, आणि स्वतःच पुसायला सांगितलेलं असून त्यानं सुनेला दोनदा विचारलं, "कायमचं गेलं का गं?" निकिताला बरोबर असलेला आणि कुणी न बघणारा नकाशा मिळाला. शिवप्रियाला नोकरी राहिली, घर शनिवार-रविवारपुरतं. कंपनीचं, डेपोचं काही गेलं नाही.

बलभीमला पाऊण तास मिळाला. अख्खा, मधे कुणी मोडणार नाही असा. तो पायाला तेल लावून बाजेवर पडतो, मालिका पहिल्या पाटीपासून बघतो. हायवेवरून संध्याकाळच्या गाडीचा हॉर्न येतो तेव्हा एकदा उठून बसतो आणि म्हाळसाबाईला विचारतो, ही कोण, कुणाची सून.

"आत्ता तर बघितलाव की," ती म्हणते.

बघितलेलं असतं. पाऊण तास त्यानंच मागितला होता, त्यालाच मिळाला, आणि त्याचं मोलही त्यानंच भरलं.